सील नवीन, धूर जुनाच

सायनच्या सिग्नलला दोन मिनिटं उभी असलेली गाडी हिरवा दिवा लागल्यावर निघते आणि मागे निळसर धुराचा एक झोत सोडून जाते. पन्नास मीटर पुढे गेल्यावर धूर नाही. मागचा स्कूटरवाला नाकाला रुमाल लावतो. गाडीवाल्याला यातलं काहीच कळत नाही, कारण हे सगळं त्याच्या पाठीमागे घडतं. पण हेडचं, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवर बसणाऱ्या वरच्या भागाचं, काम करणाऱ्याला तो एक झोत पुरेसा असतो. धूर कधी निघाला, किती वेळ टिकला आणि केव्हा थांबला, एवढ्यावरून ऑइल कुठून जळतंय याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

मी कुर्ल्यात हेडचं काम करतो. गेल्या शिमग्याच्या सुमारास एक टॅक्सीवाले काका असाच धूर घेऊन आले. सीएनजीवर चालणारी गाडी, दोन पाळ्यांत धावणारी.

"काका, सील कधी बदललेत?"

"गणपतीच्या आधी एकदा. मग दिवाळीनंतर पुन्हा. प्रत्येक वेळी महिनाभर बरी असते, मग परत ऑइल खायला लागते."

"आणि गाईड कोणी बघितले?"

"गाईड म्हणजे रे काय?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. काकांनी दोनदा सीलचे पैसे भरले, दोनदा मजुरी भरली, दोनदा धंदा बुडवला, आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहिलं. हे मी वारंवार पाहतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं. सील स्वस्त असतात, पटकन मिळतात, म्हणून सगळे आधी त्यांच्याकडेच धावतात.

घरी पायाचं शिलाई मशीन असेल तर सुई जिला लावलेली असते ती पोलादी दांडी आठवा. ती एका बुशमधून वरखाली होते. बुश घट्ट असेल तर टाका सरळ पडतो. बुश झिजला की दांडी डुलते, सुई भलतीकडे उतरते आणि टाके चुकतात. इंजिनाच्या हेडमध्ये अगदी हाच प्रकार आहे. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-इंधन आत घेणारी (इनटेक) किंवा जळका धूर बाहेर सोडणारी (एक्झॉस्ट) झडप. व्हॉल्व्हची दांडी म्हणजे स्टेम, आणि ती जिच्यातून वरखाली होते ती धातूची नळी म्हणजे गाईड. फरक एवढाच की इथला वेग माणसाच्या पायाचा नाही. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,५०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. अशी तासभर गाडी चालवली की प्रत्येक दांडीने त्या नळीत ९०,००० हेलपाटे घातलेले असतात.

गाईडच्या वरच्या तोंडावर टोपीसारखा बसतो तो सील. रबराचा ओठ आणि त्या ओठाभोवती आवळलेली बारीक गोल स्प्रिंग. भाजीत फिरवलेली पळी आपण भांड्याच्या काठावर निथळून घेतो ना, तसा सील वरून येणारं ऑइल दांडीवरून निथळून घेतो. पण सगळं नाही. अगदी पातळ थर तो मुद्दाम जाऊ देतो, कारण दांडी गाईडमध्ये कोरडी चालली तर ती घासून अडकेल. सीलचं काम ऑइल मोजून सोडण्याचं आहे.

आता मुख्य गोष्ट. सीलचा ओठ मऊ असतो, पण त्याच्या मऊपणाला मर्यादा आहे. गाईड झिजून मोठा झाला की दांडी प्रत्येक उघडझापेला बाजूला झुकते. ओठ एका बाजूला चेपतो, दुसऱ्या बाजूला फट पडते. नवा सील ही डुलणारी दांडी काही दिवस सांभाळतो, मग त्याचाही ओठ एका अंगाने झिजतो. काकांच्या गाडीत महिनाभर बरं वाटायचं ते एवढ्यासाठी.

गाईड झिजतो कारण व्हॉल्व्हला मिळणारा धक्का कधीच पूर्ण सरळ नसतो. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा आडवा हात, आपल्या पिनभोवती गोल फिरत दांडीचं डोकं दाबतो, त्यामुळे दांडीला थोडा आडवा रेटाही बसतो. तो रेटा नळीच्या दोन्ही टोकांना सोसावा लागतो. म्हणून झिजलेला गाईड मधे बरा आणि दोन्ही तोंडांशी कर्ण्यासारखा पसरलेला दिसतो. गाईडकडे आणखी एक काम आहे, उष्णता वाहून नेण्याचं. व्हॉल्व्हला लागणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तीन हिस्से सीटमधून, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कड्यावर टेकतो तिथून, हेडमध्ये उतरतात आणि एक हिस्सा दांडीवाटे गाईडमधून. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हचा चेहरा ७०० अंशांच्या आसपास तापतो, त्याला हा एक हिस्साही मोलाचा असतो.

मग धूर सिग्नलवरच का? पेट्रोल किंवा सीएनजीचं इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत पाय न दाबता चालू, असताना थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, जवळजवळ बंद असतो. पिस्टन हवा ओढत असतात आणि वाट अरुंद, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, जोरदार ओढ तयार होते. बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरचा, तर आयडलला आत त्यातले ४५० ते ५०० मिलिमीटर कमी झालेले असतात. इनटेकच्या झिजलेल्या गाईडमधून ही ओढ हेडवरचं ऑइल खाली खेचत राहते. ते पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत, साचतं. हिरवा दिवा लागला, पाय दाबला, की साचलेलं सगळं एका दमात जळतं. मुंबईत गाडीचा किती वेळ आयडलवर जातो ते वेगळं सांगायला नको. डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर सहसा अशी झडप नसते, म्हणून तिथे ही ओढ फार कमी असते.

याच कारणाने खंडाळ्याचा घाट गिअरमध्ये उतरून खाली आलात आणि पुन्हा पाय दिलात की धुराचा लोट निघतो. पूर्ण उतारभर थ्रॉटल बंद आणि इंजिन पळतंय, म्हणजे ओढ सर्वांत जास्त. तिसरी खूण सकाळची. रात्रभर हेडवरचं ऑइल थेंबथेंब खाली झिरपतं, पहिल्या चावीला निळा ढग, मग साफ. याउलट घाट चढताना, पूर्ण लोडवर, सतत धूर असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर घ्यावा. पांढरा, वाफेसारखा आणि न थांबणारा धूर असेल तर कूलंट जळतंय, ते दुखणं वेगळं.

खात्री करायला कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते, तपासतात. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. वाढला तर रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं, चांगलं आणि तरी गाडी ऑइल खाते, तर शोध वर हेडमध्ये घ्यायचा. हे न करता कोणी "इंजिन उतरवायला लागेल" म्हणाला तर थोडं थांबा.

हेड उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही. बोल्ट बाहेरून आत, ठरलेल्या क्रमाने, थोडे थोडे सैल करायचे, तेही इंजिन गार असताना. एक गोष्ट मात्र सोडू नका. पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून, प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या भोकात खोवून ठेवायचा. दांडी आणि गाईड एकमेकांसोबत झिजलेले असतात, त्यांची अदलाबदल झाली तर मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

मोजताना बहुतेक जण व्हॉल्व्ह थोडा उचलून अंगठ्याने हलवून बघतात. अंगठ्याला फक्त अतिरेक कळतो. नीट मोजायचं तर व्हॉल्व्ह सीटपासून साधारण १० मिलिमीटर उचलायचा, त्याच्या कडेला डायल गेज टेकवायचं आणि आडवा हलवायचा. त्याआधी दांडी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजायची, कारण कधी कधी गाईड शाबूत असतो आणि दांडीच झिजलेली असते. गाईड आणि दांडीमधली फट इनटेकला बहुधा ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते, एक्झॉस्टला थोडी जास्त, ०.०३ ते ०.०७ च्या घरात, कारण ती दांडी जास्त तापते आणि फुगते. आमच्याकडे जुने लोक थाऊमध्ये बोलतात, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर. "दोन थाऊ ठीक, पाच थाऊला गाईड काढ," असं उस्ताद म्हणायचे. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मात्र मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

काकांच्या हेडमध्ये इनटेकचे दोन गाईड सहा थाऊच्या वर गेले होते. त्यावर कुठलाही सील बसवला असता तरी टिकला नसता.

उपाय तीन. जुन्या गाईडच्या आतून नर्लिंग करून, म्हणजे खाचा दाबून, धातू उचलायचा आणि मग रिमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार, फिरवायचा. हे स्वस्त, पण उचललेल्या बारीक कडाच दांडीला टेकतात आणि त्या लवकर झिजतात. रोज धावणाऱ्या टॅक्सीसाठी मी ते करत नाही. दुसरा, गाईड आतून वाढवून त्यात ब्राँझचा पातळ लायनर घालायचा. नीट केला तर उत्तम, विशेषतः जिथे गाईड वेगळा नसून हेडच्याच लोखंडात भोक असतं तिथे. तिसरा, गाईडच बदलायचा. ॲल्युमिनियमच्या हेडला मी शक्यतो हेच सुचवतो.

जुना गाईड काढण्याआधी त्याची उंची मोजून लिहून ठेवायची, स्प्रिंगच्या बैठकीपासून गाईडच्या टोकापर्यंत. ही मोजणी राहिली तर पुढे सगळं अंदाजाने चालतं. नवा गाईड जास्त वर राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना स्प्रिंग धरून ठेवणारा वरचा रिटेनर सीलवर आपटून तो चेंदतो. पूर्ण उघडलेल्या स्थितीत रिटेनरचा तळ आणि सीलचं डोकं यांत किमान दीड मिलिमीटर मोकळं हवं.

गाईड हेडच्या भोकापेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका जाड असतो, बऱ्याचदा ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर. त्या आवळणीवरच तो टिकतो. थंड हेडमध्ये हातोड्याने ठोकला तर ॲल्युमिनियम खरवडलं जातं, भोक लांबट होतं आणि पुढचा गाईड सैल बसतो. म्हणून हेड तापवायचं. थोडा हिशेब बघा. १२ मिलिमीटरचं भोक असलेलं ॲल्युमिनियमचं हेड १०० अंशांनी तापवलं तर भोक जवळजवळ ०.०२८ मिलिमीटरने मोठं होतं. तोच लोखंडी गाईड घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला तर ५० अंशांच्या फरकाला जेमतेम ०.००६ मिलिमीटर आकसतो. म्हणजे खरं काम हेड तापवण्याने होतं, फ्रीजर हातभार लावतो. दोन्ही मिळून आवळणीचा मोठा हिस्सा तेवढ्यापुरता निघून जातो आणि गाईड प्रेसच्या हलक्या दाबाने आत जातो. तापवायचं ते भट्टीत, सगळीकडे सारखं. गॅसची ज्योत एका जागी धरली तर हेड वाकतं.

बहुतेक हेडमध्ये जुना गाईड कंबशन चेंबरच्या बाजूने वर ढकलून काढतात आणि नवा वरच्या, म्हणजे कॅमच्या बाजूने घालतात. पण वर ढकलताना गाईडच्या खालच्या टोकाला जळून चिकटलेला कार्बन भोकाला ओरखडे पाडत जातो. तो आधी खरवडून काढणं चांगलं. ढकलायला पायरीचा पंच हवा, ज्याचा पातळ भाग गाईडच्या आत बसतो. सपाट पंचाने गाईडचं तोंड मशरूमसारखं फुगतं.

हेड थंड झालं की गाईड आवळला जातो आणि त्याचं आतलं भोक किंचित लहान होतं. म्हणून रिमर. तो हाताने, सरळ, एकसारखा फिरवायचा, आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत काढायचा. उलटा फिरवला तर धार जाते आणि भोकाला रेघा पडतात. मी एका गाईडला किमान तीनदा थांबतो, पुसतो, दांडी घालून बघतो. घाईचं काम हे नाही.

यानंतरची पायरी पैसे वाचवायला सगळ्यात जास्त गाळली जाते. नव्या गाईडचा मध्य जुन्याच्या मध्याशी तंतोतंत जुळत नाही. व्हॉल्व्ह आता वेगळ्या रेषेवर उतरतो, तर सीट जुन्याच रेषेला कापलेली. म्हणून गाईड बदलला की सीट कापायलाच हवी. कटरचा पायलट नव्या गाईडमध्ये बसतो आणि सीट त्या मध्याला धरून कापली जाते. बहुधा ४५ अंशांचा मुख्य चेहरा, वर ३० आणि खाली ६० अंशांचे उतार देऊन त्याची रुंदी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणतात. मग पेस्ट लावून हलकं लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर फिरवून घासणं, आणि राखाडी कडं पूर्ण गोल उमटलं की थांबायचं. सीएनजीच्या गाडीत याला आणखी महत्त्व आहे. गॅस कोरडा, पेट्रोलचे थेंब इनटेकच्या व्हॉल्व्हला जो गारवा देतात तो इथे नाही. सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि दांडीच्या डोक्यामधली मोकळीक, कमी कमी होते, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि जळतो. म्हणून अशा गाडीची टॅपेटची फट वेळेवर तपासायची.

लॅपिंगची पेस्ट म्हणजे घासणारी वाळूच. ती गाईडमध्ये राहिली तर नवा गाईड महिन्यात जुना होईल. गरम साबणाच्या पाण्याने, गाईडमधून ब्रश फिरवून हेड धुवायचं आणि हवा मारायची. पावसाळ्यात धुतल्यावर लगेच ऑइलचा हात फिरवायचा. जुलैत आमच्याकडे नुसता ओला हात लागलेल्या लोखंडावर सकाळपर्यंत तांबूस गंज दिसतो.

आता सील. गल्ल्यावर मिळेल तो घेऊ नका. ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टच्या बाजारात गेलात तर इंजिन नंबर आणि पार्ट नंबर घेऊन जा. साधारण नायट्राइल रबर १२० अंशांच्या पुढे कडक होऊ लागतं, फ्लोरोरबर म्हणजे ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात ते २०० अंशांपर्यंत तग धरतं. काही इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्टचे सील वेगळे असतात आणि रंगावरून ओळखायचे असतात, पण कुठला रंग कुठे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. पाकिटावरचं वाचायचं. काढलेला सील पुन्हा बसवायचा नाही, तो कितीही चांगला दिसला तरी.

सीलच्या आधी स्प्रिंगखालचा वॉशर बसवायचा. शिकाऊ असताना मी एकदा सगळे सील बसवले आणि मग बाकावर वॉशर दिसले. अनेक हेडमध्ये सील बसल्यावर तो वॉशर त्याच्यावरून खाली जात नाही. उस्तादांनी काही न बोलता सगळे सील उपटायला लावले आणि नव्या सेटचे पैसे स्वतः दिले. त्या दिवसापासून मी वॉशर बसवून बोटाने मोजतो, मगच सीलचं पाकीट फोडतो.

दांडीला स्वच्छ ऑइल लावून व्हॉल्व्ह खालून घालायचा. दांडीच्या टोकाला लॉक बसण्यासाठी खाचा असतात, त्यांच्या कडा धारदार असतात. सील तसाच ढकलला तर ओठ चिरतो, आणि ती चीर डोळ्याला दिसतही नाही. काही सेटमध्ये प्लास्टिकची पातळ टोपी येते ती याचसाठी. ती टोकावर चढवायची, ऑइल लावायचं, त्यावरून सील सरकवायचा, टोपी काढायची. टोपी नसेल तर पातळ प्लास्टिक गुंडाळूनही भागतं. मग सीलच्या खांद्यावर टेकेल असा खोल सॉकेट घेऊन हाताने सरळ दाबायचं. बसताना बारीकसा टचका हाताला कळतो. हातोडा नको. तिरका दाबला तर धातूचा कडा वाकतो, स्प्रिंग निसटते. एकदा बसल्यावर व्हॉल्व्ह पुन्हा खाली ओढून काढायचा नाही, खाचा ओठातून गेल्या की सील गेला.

स्प्रिंग, रिटेनर, लॉक बसल्यावर दांडीच्या डोक्यावर रबरी हातोड्याची एक टिचकी, म्हणजे लॉक आपापल्या जागी बसतात. मग हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओतायचं आणि पोर्टमध्ये बॅटरी मारून बघायचं. पाच-दहा मिनिटांत आत ओल दिसली तर तो व्हॉल्व्ह परत उघडायचा.

काकांची गाडी संध्याकाळी चालू केली तेव्हा पहिली दहा मिनिटं चांगलाच धूर निघाला आणि त्यांचा चेहरा उतरला. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं ऑइल आणि बसवताना लावलेलं ऑइल जळतं, ते संपायला वेळ लागतो. मी त्यांना म्हटलं, "काका, उद्या सकाळी पहिली चावी मारताना मला व्हिडिओ कॉल करा, मोबाइल सायलेन्सरसमोर धरा." सकाळी पावणेसहाला फोन आला. त्यांच्या मुलाने मोबाइल धरला होता. चावी फिरली, इंजिन लागलं, मागे फक्त थोडी वाफ. काका स्वतः उतरून मागे आले आणि बराच वेळ सायलेन्सरपाशी वाकून उभे राहिले.